शेजारी बोलतो, पण वाट सांगत नाही

या वेळच्या टपालात सातारा-सांगली पट्ट्यातली पत्रं जास्त आहेत आणि बहुतेकांचं दुखणं एकाच घरातलं आहे. दोन राउटरमधलं बोलणं चालू दिसतं, पण अमुक पत्ते आपल्याकडे आहेत ही खबर, म्हणजे रूट, पलीकडे पोचत नाही. उत्तरांत सिस्को आणि मायक्रोटिक या दोघांच्याच कमांड दिल्या आहेत, कारण पत्रांत तीच नावं आहेत. दुसऱ्या कंपनीचा राउटर असेल तर कमांडचे शब्द बदलतील, कारणं तीच राहतील.

प्रश्न : कराड आणि आसपासच्या गावांत आमचं ब्रॉडबँड आहे. स्वतःचा एएस नंबर (इंटरनेटवर आमच्या नेटवर्कची ओळख) आणि /२३ चा पूल (५१२ आयपी पत्त्यांचा गट; / पुढचा आकडा जितका मोठा तितका गट लहान) आहे. मायक्रोटिक राउटर व्हर्जन ६ वरून ७ वर नेला. अपस्ट्रीमबरोबरचं (आम्हाला इंटरनेट देणारी कंपनी) बीजीपी (नेटवर्कांनी एकमेकांना रूट सांगायची बोली) सेशन ‘एस्टॅब्लिश्ड’ दिसतं, त्यांच्याकडून डिफॉल्ट रूटही (बाकी सगळ्यासाठीची एकच वाट) येतो. पण त्यांच्या एनओसीतून (देखरेख कक्ष) सांगतात की तुमच्याकडून शून्य प्रीफिक्स (जाहीर केलेले पत्त्यांचे गट) येतात. सेशन दहा वेळा रीसेट करून झालं. आधी हाच पूल नीट जात होता. — ब्रॉडबँड व्यावसायिक, कराड

उत्तर : रीसेट करणं आधी थांबवा. सेशन उभं आहे म्हणजे टीसीपी पोर्ट १७९ वरचं बोलणं चालू आहे, दोन्हीकडचे एएस नंबर जुळलेले आहेत. तिथं काही बिघडलेलंच नाही, तर ते पुन्हा पुन्हा पाडून काय मिळणार?

रूट हरवायच्या जागा चार. तो तुमच्या स्वतःच्या टेबलातच, म्हणजे राउटरच्या रूटच्या यादीतच, नसेल. टेबलात असेल, पण तुमचंच बाहेर जाणारं फिल्टर अडवत असेल. तुमच्याकडून निघाला असेल, पण शेजाऱ्याने दारातच टाकून दिला असेल. किंवा शेजाऱ्याने घेतला असेल, पण पुढे पाठवला नसेल. तपासायचं याच क्रमाने. पुष्कळ जण शेवटून सुरुवात करतात, अपस्ट्रीमच्या तिकिटात दोन दिवस घालवतात आणि चूक आपल्याच राउटरात निघते.

तुमचं प्रकरण पहिल्या जागेचं आहे. डेपोत गाडी उभी असल्याशिवाय कंट्रोलर फलाटावर पाटी लावत नाही, तसं बीजीपीचं असतं. जो पूल जाहीर करायचा तो हुबेहूब त्याच मास्कने (/ पुढचा आकडा) राउटरच्या टेबलात असावा लागतो. तुमच्याकडे गिऱ्हाईक पीपीपीओईने (नाव-पासवर्ड देऊन होणारी जोडणी) लागलं की त्याचा एक /३२, म्हणजे एकाच पत्त्याचा, रूट टेबलात येतो. ५१२ पत्त्यांपैकी ३०० लागलेले असतील तर ३०० ओळी दिसतील, पण अख्खा /२३ अशी ओळ त्यांत कुठेच नसेल. व्हर्जन ६ मध्ये नेटवर्कच्या नोंदीत ‘सिंक्रोनाइज’ला ‘नो’ केलं की टेबलात असो-नसो, पूल जाहीर व्हायचा. ७ मध्ये ‘आउटपुट डॉट नेटवर्क’ला दिलेल्या यादीतला पूल टेबलात सापडला तरच बाहेर पडतो.

म्हणून आयपी-रूटमध्ये पूर्ण /२३ चा एक ब्लॅकहोल रूट (आलेलं पॅकेट टाकून देणारा) घाला. फायरवॉलच्या अ‍ॅड्रेस लिस्टमध्ये तोच /२३ एका नावाने नोंदवा आणि बीजीपी कनेक्शनच्या ‘आउटपुट डॉट नेटवर्क’ला त्या यादीचं नाव द्या. मग आउटपुटच्या फिल्टर चेनमध्ये डेस्टिनेशन बरोबर तुमचा /२३ असेल तर ‘अ‍ॅक्सेप्ट’, असा एक नियम लिहा. इथे एक खड्डा आहे. व्हर्जन ७ मध्ये चेन जोडली की तिच्यात न बसणारं सगळं आपोआप नाकारलं जातं, आणि त्याबद्दल राउटर काही बोलत नाही. जुनी फिल्टरं वरच्या व्हर्जनमध्ये आणताना एखादा ‘अ‍ॅक्सेप्ट’ गळाला असेल तर ब्लॅकहोल घालूनही पूल जाणार नाही.

‘ब्लॅकहोल’ या शब्दाला घाबरू नका. राउटर नेहमी जास्त नेमका रूट निवडतो. गिऱ्हाइकाचा /३२ टेबलात आहे तोवर त्याचं पॅकेट त्यालाच जाईल. फक्त रिकाम्या पत्त्यांवरची पॅकेटं ब्लॅकहोलमध्ये पडतील, आणि ती तशी पडायलाच हवीत. ब्लॅकहोल नसताना रिकाम्या पत्त्यावर आलेलं पॅकेट तुमचा राउटर डिफॉल्ट रूटने अपस्ट्रीमकडे परत ढकलतो आणि अपस्ट्रीम ते पुन्हा तुमच्याकडे. टीटीएल (पॅकेटला उरलेले टप्पे) संपेपर्यंत हा चेंडू इकडून तिकडे. बाहेरचे स्कॅनर अशा पत्त्यांवर दिवसरात्र टकटक करत असतात. त्यामुळे लिंक विनाकारण भरते आणि ‘रात्री स्पीड मिळत नाही’ म्हणून फोन येतात.

घाईत ‘रीडिस्ट्रिब्यूट कनेक्टेड’वर खूण करून मोकळे होऊ नका. समोर नीट फिल्टर नसेल तर तुमचे शेकडो /३२ अपस्ट्रीमकडे जातात, त्यांनी घातलेली प्रीफिक्सची मर्यादा ओलांडली जाते आणि सेशनच बंद पडतं. सिस्कोवर हेच काम नल-झीरोकडे जाणाऱ्या स्टॅटिक रूटने आणि बीजीपीतल्या ‘नेटवर्क’ ओळीने होतं. त्या ओळीत मास्क लिहायला विसरू नका. न लिहिल्यास सिस्को जुन्या वर्गवारीने चालतो, म्हणजे १०३ ने सुरू होणारा पूल त्याच्या लेखी /८ ठरतो. तसा रूट टेबलात नसतोच, मग जाहीर काय होणार?

आता खातरजमा. सिस्कोवर ‘शो आयपी बीजीपी नेबर्स’, शेजाऱ्याचा पत्ता आणि पुढे ‘अ‍ॅडव्हर्टाइज्ड-रूट्स’. मायक्रोटिक ७ वर आउटपुटमधलं ‘कीप-सेंट-अ‍ॅट्रिब्यूट्स’ ‘येस’ करा, नाहीतर काय पाठवलं याची नोंद राउटर ठेवतच नाही. या यादीत /२३ दिसला आणि तरी एनओसी शून्यच म्हणत असेल, तर ती यादी त्यांना पाठवा. आता गाठ त्यांच्या फिल्टरात आहे.

प्रश्न : सांगलीत आम्ही दोन अपस्ट्रीम घेतलेत. ट्रॅफिक वाटून जावं म्हणून /२३ चे दोन /२४ केले, एक एकीकडून आणि दुसरा दुसरीकडून जाहीर केला. दोन्ही अपस्ट्रीम ‘मिळाला’ म्हणतात. तरी कोल्हापूरच्या मित्राकडून पिंग होतं, परदेशातल्या सर्व्हरवरून होत नाही. गिऱ्हाइकांच्या काही साइट उघडतात, काही नाही. — इंटरनेट सेवा पुरवठादार, सांगली

उत्तर : ‘अर्ध्या जगाला दिसतो, अर्ध्याला नाही’ असं झालं की पहिला संशय आरओएवर घ्यायचा. आरओए म्हणजे ‘हा पूल हाच एएस नंबर जाहीर करू शकतो’ असं सही केलेलं पत्र. भारतात ते आयआरआयएनएनच्या (देशात आयपी पत्ते वाटणारी संस्था) सदस्य-खात्यातून निघतं. त्यात ‘मॅक्स-लेंग्थ’ असा रकाना असतो. पूल /२३ आणि मॅक्स-लेंग्थही २३ असेल तर त्यातला /२४ जाहीर करणं हे सहीविरुद्ध ठरतं. तपासणी करणारी नेटवर्कं असा रूट ‘इनव्हॅलिड’ म्हणून टाकून देतात, न करणारी घेतात. म्हणून कोल्हापूर दिसतं आणि परदेश दिसत नाही.

गंमत अशी की आरओए मुळीच नसता तर रूट ‘नॉट फाउंड’ ठरला असता आणि बहुतेकांनी घेतला असता. चुकीचं पत्र हे पत्र नसण्यापेक्षा वाईट. म्हणून आरओए काढून टाकायचा मोह होईल, तो टाळा. दोन्ही /२४ साठी स्वतंत्र आरओए करा आणि /२३ चा आहे तो राहू द्या. बदल सगळीकडे पोचायला काही तास द्या, तोवर राउटरमध्ये आणखी काही हलवू नका.

मॅक्स-लेंग्थ २४ करून एकाच आरओएत काम उरकलं तर? तुमच्या बाबतीत चालेल, कारण /२३ आणि त्यातले दोन्ही /२४ असं सगळंच तुम्ही जाहीर करणार आहात. पण ज्याचा पूल /२२ आहे आणि त्यातले दोनच /२४ तो जाहीर करतो, त्याने हे करू नये. उरलेले दोन /२४ कुणीही त्याच्याच एएस नंबरचा खोटा उगम लावून जाहीर करू शकतो, आणि मॅक्स-लेंग्थ सैल असल्याने ते ‘व्हॅलिड’ ठरतात. नेमक्या रूटची ताकद किती असते हे २००८ च्या २४ फेब्रुवारीला दिसलं होतं. पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब बंद करण्यासाठी घातलेला /२४ बाहेर सुटला. यूट्यूब स्वतः /२२ जाहीर करत होतं. जगभरची पॅकेटं जास्त नेमक्या /२४ कडे वळली आणि साइट जवळपास दोन तास गायब झाली.

दुसरी कसर तुमच्या मांडणीतच आहे. फक्त /२४ जाहीर केलेत आणि एक अपस्ट्रीम पडला, तर त्याच्याकडचा /२४ जगातून नाहीसा होतो. मग दोन अपस्ट्रीमचे पैसे भरून उपयोग काय? दोघांनाही /२३ जाहीर करा आणि त्यावर एकेक /२४ एकेकाला द्या. रोज नेमका /२४ जिंकेल आणि ट्रॅफिक वाटून येईल. एक लिंक तुटली की तिकडचा /२४ जाईल आणि दुसऱ्याकडचा /२३ सगळं उचलेल. दोन्ही /२४ चे ब्लॅकहोल रूटही लागतील, कारण वर कराडच्या वाचकांना सांगितलं तेच: टेबलात नाही ते जाहीर होत नाही. याच्या पुढे /२५ करायला जाऊ नका. इंटरनेटवर /२४ पेक्षा बारीक तुकडा सहसा कोणी घेत नाही.

आरओए बरोबर निघाला तर रूट ऑब्जेक्ट बघा. पुष्कळ अपस्ट्रीम आपलं फिल्टर इंटरनेट रूटिंग रजिस्ट्रीतल्या नोंदींवरून बनवतात. नोंद /२३ चीच असेल तर दारावरचा माणूस /२४ ला ओळखत नाही. हे बघायला राउटरची गरज नाही. राइपस्टॅट किंवा हरिकेन इलेक्ट्रिकच्या बीजीपी टूलकिटवर पूल टाकला की तो कुणाला दिसतो, कुठल्या एएसमधून जातो आणि आरओएचा निकाल काय, हे समोर येतं. आपल्याच नेटवर्कवरच्या मोबाइलवरून ‘चालतंय का’ बघणं हा पुरावा नव्हे.

प्रश्न : लॅबमध्ये बीजीपी नेबर ‘अ‍ॅक्टिव्ह’ दाखवतो, तरी एकही रूट येत नाही. अ‍ॅक्टिव्ह म्हणजे चालूच ना? — अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली

उत्तर : नाही. या नावाने दरवर्षी नवी मुलं फसतात. अ‍ॅक्टिव्ह म्हणजे राउटर शेजाऱ्याशी टीसीपी जोडायची खटपट करतोय आणि अजून जमलेलं नाही. जमलं की ‘ओपन-सेंट’, ‘ओपन-कन्फर्म’ आणि शेवटी ‘एस्टॅब्लिश्ड’. सिस्कोच्या समरीत शेवटच्या रकान्यात आकडा दिसला तरच सेशन लागलेलं, मग तो शून्य का असेना. शब्द दिसला तर नाही.

अ‍ॅक्टिव्हवर अडकायची नेहमीची कारणं: शेजाऱ्याला पिंगच होत नाही, मधल्या फायरवॉलवर १७९ बंद आहे, किंवा लूपबॅकवरून (राउटरच्या आतला, कुठल्याही एका केबलवर न अवलंबणारा पत्ता) सेशन बांधताना ‘अपडेट-सोर्स’ लिहिलेलं नाही. वेगळ्या एएसमधला शेजारी लूपबॅकवर असेल तर ‘ईबीजीपी-मल्टिहॉप २’ही लागतं, कारण अशा सेशनची पॅकेटं मुळात टीटीएल १ ने निघतात. ओपन-सेंटपर्यंत जाऊन परत पडत असेल तर एएस नंबर ताडून बघा.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या शाखा सांगलीच्या मुख्य कार्यालयाला जीआरई टनेलने (इंटरनेटवरून काढलेली आभासी लाइन) जोडलेल्या आहेत, वर ओएसपीएफ (एकाच संस्थेच्या राउटरनी आपसांत रूट वाटायची बोली) चालतं. विट्याची शाखा ‘एक्सस्टार्ट’वर (जुळणीची अर्धवट पायरी) अडकते. जतच्या शाखेचं उलटं आहे: नेबर ‘फुल’ (जुळणी पूर्ण) आहे, पण तिथले रूट टेबलात येत नाहीत. दोन्ही ठिकाणी सेटिंग सारखंच केलंय. — संगणक विभाग, एक पतसंस्था

उत्तर : ‘सारखंच केलंय’ हे दोन्हीकडचं आउटपुट शेजारी ठेवून बघितल्याशिवाय धरू नका. ही दोन दुखणी दिसायला जुळी असली तरी वेगळी आहेत.

विट्याचं एमटीयूचं (एका पॅकेटची कमाल लांबी) आहे. ओएसपीएफचे हॅलो (‘मी आहे’ सांगणारी पॅकेटं) लहान असतात, ते कुठूनही निघतात, म्हणून नेबर दिसतो. पुढे दोघे आपापल्या माहितीची यादी एकमेकांना देतात आणि त्यात आपला एमटीयूही सांगतात. समोरच्याचा आकडा आपल्यापेक्षा मोठा असेल तर राउटर ती यादी घेत नाही. मग एक एक्सस्टार्टवर आणि दुसरा बहुधा ‘एक्स्चेंज’वर ताटकळत बसतो. जीआरई २४ बाइट खातं, म्हणून १५०० च्या लाइनवर टनेलचा एमटीयू १४७६ होतो. एकीकडे हा १४७६ आणि दुसरीकडे कुणी हाताने १५०० लिहिलेलं असेल, तर हेच होणार. खाली पीपीपीओई असेल तर लाइनच १४९२ ची, आणि टनेल १४६८ चा.

मोजून बघा. शाखेतल्या विंडोज संगणकावरून मुख्य कार्यालयाला ‘पिंग -एफ -एल १४४८’ द्या. पिंगच्या आकड्यात हेडरचे २८ मिळवायचे, म्हणजे हे १४७६ चं पॅकेट झालं. उत्तर आलं नाही तर आकडा उतरवत जा. जो सर्वांत मोठा आकडा पार होतो त्यात २८ मिळवा आणि तोच एमटीयू दोन्ही टोकांना लिहा. ‘एमटीयू-इग्नोर’ने नेबर लगेच फुल होतो, म्हणून ते लोकप्रिय आहे. आमच्या मते ते दुखऱ्या दातावर लवंग ठेवण्यासारखं. आज शाखा कमी म्हणून चालेल. रूट वाढले, अपडेटची पॅकेटं मोठी झाली की तीच पॅकेटं वाटेत पडतील आणि नेबर अधूनमधून का पडतो याचा पत्ता लागणार नाही.

जतला नेटवर्क टाइप जुळत नसणार. एका टोकाला ‘पॉइंट-टू-पॉइंट’, दुसऱ्याला ‘ब्रॉडकास्ट’. दोन्हीत हॅलो १० सेकंदांना आणि डेड टाइम ४० सेकंद, म्हणून तक्रार न करता नेबर फुल होतो. पण ब्रॉडकास्टवाला नकाशात लिहितो की आमच्यामध्ये एक सामाईक चौक आहे, आणि दुसरा लिहितो की सरळ रस्ता आहे. दोन वर्णनं जुळत नाहीत, तेव्हा वाट मोजताना नकाशा तिथे तुटतो. माहिती डेटाबेसमध्ये पडून राहते आणि टेबल रिकामं. सिस्कोवर ‘शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस राउटर’मध्ये ‘अ‍ॅड्व्ह राउटर इज नॉट-रीचेबल’ अशी ओळ दिसली की समजा हेच. दोन्हीकडे पॉइंट-टू-पॉइंट करा. दोनच राउटर असलेल्या लिंकवर डीआर (चौकाचा प्रमुख राउटर) निवडणुकीची भानगड तशीही नको.

शाखांकडचे स्टॅटिक रूट सिस्कोवरून ओएसपीएफमध्ये ओतत असाल तर ‘रीडिस्ट्रिब्यूट स्टॅटिक’च्या पुढे ‘सबनेट्स’ हा शब्द आहे ना, तेही बघून घ्या. जुन्या आयओएसवर तो नसेल तर १९२.१६८ मधले /२४ जातात आणि १० मधले /२४ मागे राहतात. सेटिंग अर्धंच चालल्यासारखं वाटतं ते यामुळे.

प्रश्न : दूध संकलनाच्या व्यवसायात आमची शीतकरण केंद्रं फलटण आणि कराडला आहेत. दोन्ही एका कंपनीच्या एमपीएलएसवर (लाइन कंपनीचं खासगी जाळं), दोन्हीकडे बीजीपी, एएस नंबर दोन्हीकडे ६५०१०. फलटणचे रूट कराडला येत नाहीत. लाइन कंपनी म्हणते की आमच्या बाजूला सगळं ठीक. — तांत्रिक सहायक, फलटण

उत्तर : लाइन कंपनी खोटं बोलत नसेल, तुमचाच राउटर नियमाने वागतोय. रूट फिरून आपल्याकडेच आला असेल तर घ्यायचा नाही, हा बीजीपीचा मूळ नियम. ते ओळखायची खूण म्हणजे एएस-पाथमध्ये (रूट ज्या एएसमधून आला त्यांची यादी) आपलाच नंबर. फलटणहून निघालेल्या रूटवर ६५०१० लिहिलेलं असतं. कराडचा राउटर तो वाचतो, ‘हा माझाच’ म्हणतो आणि टाकून देतो.

दोन बाइटांत बसणारे खासगी एएस नंबर ६४५१२ ते ६५५३४ असे १०२३ आहेत. कराडला ६५०११ द्या, प्रश्न मुळातून मिटला. केंद्रं थोडी आहेत तोवर हेच स्वच्छ. लाइन कंपनीलाही तिच्या बाजूचा नंबर बदलावा लागतो, म्हणून दोघांनी एक वेळ ठरवून करा. रात्रीच्या संकलनाच्या नोंदी चढल्यानंतरची वेळ घ्या. नंबर बदलायचाच नसेल तर कंपनीला ‘एएस-ओव्हरराइड’ लावायला सांगा. मग त्यांचा राउटर पुढे देताना ६५०१० च्या जागी स्वतःचा नंबर लिहितो. तुमच्या हातात आहे ते ‘अलाऊएएस-इन १’. पण कंपनीकडे जुनिपर असेल तर त्याचा उपयोग होईलच असं नाही. जुनिपर आपणहून, समोरच्याचाच एएस ज्या रूटमध्ये आहे तो रूट त्याला पाठवतच नाही. आलेलाच नाही तो आत कसा घेणार? उद्या एखाद्या केंद्राला दोन लाइन घ्याल तेव्हा अलाऊएएस-इनमुळे आपलेच रूट दुसऱ्या दाराने आत येतील. त्या वेळी कंपनीकडून ‘साइट-ऑफ-ओरिजिन’ (रूट कुठल्या केंद्रातून निघाला याची खूण) लावून घ्या.

प्रश्न : आमचे बॉर्डर राउटर सातारा आणि वाईला आहेत, दोघांत आयबीजीपी (एकाच एएसच्या आतलं बीजीपी). साताऱ्याला अपस्ट्रीमकडून आलेले रूट वाईला बीजीपीत दिसतात, पण त्यांवर ‘बेस्ट’ची खूण नाही आणि टेबलातही नाहीत. — नेटवर्क तंत्रज्ञ, वाई

उत्तर : वाईच्या राउटरवर एखाद्या प्रीफिक्सचा तपशील काढा. नेक्स्ट-हॉपपुढे (पॅकेट पुढे ज्याला द्यायचं तो पत्ता) ‘इनअ‍ॅक्सेसिबल’ लिहिलेलं असेल. आयबीजीपीत नेक्स्ट-हॉप बदलत नाही. साताऱ्याने रूट पुढे दिला तो ‘अपस्ट्रीमच्या पत्त्यावर जा’ असं सांगून, आणि तो पत्ता वाईला माहीतच नाही. साताऱ्यावर वाईच्या दिशेला ‘नेक्स्ट-हॉप-सेल्फ’ लावा; मायक्रोटिक ७ मध्ये ‘नेक्स्टहॉप-चॉइस’ला ‘फोर्स-सेल्फ’. अपस्ट्रीमची लिंक ओएसपीएफमध्ये घेऊनही काम भागतं, पण बाहेरच्या लिंकचा पत्ता घरभर फिरवण्यापेक्षा पहिला मार्ग बरा.

पुढे कोरेगावला तिसरा राउटर बसवलात तर आणखी एक नियम आडवा येईल. आयबीजीपीतून शिकलेला रूट दुसऱ्या आयबीजीपी शेजाऱ्याला सांगायचा नाही. म्हणून सातारा–वाई आणि वाई–कोरेगाव अशी साखळी चालत नाही, कोरेगाव–सातारा सेशनही लागतं. तीन राउटरना तीन सेशन, सहांना पंधरा. तिथून पुढे एकाला रूट रिफ्लेक्टर (बाकीच्यांना रूट पुढे सांगणारा) करा. सेशन लूपबॅकवर बांधा, म्हणजे एक केबल तुटली तरी दुसऱ्या वाटेने सेशन टिकतं.

प्रश्न : अपस्ट्रीमला ‘रूट पाठवा’ म्हणालो आणि राउटर गारच पडला. मेमरी पूर्ण भरली. — केबलचालक, तासगाव

उत्तर : त्यांनी अख्ख्या इंटरनेटचं टेबल पाठवलं. ते आता नऊ लाखांच्या वर गेलं आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये ते ५,१२,००० ओलांडून गेलं तेव्हा जगभरचे जुने राउटर असेच बसले होते. एकच अपस्ट्रीम असेल तर तुम्हाला एक डिफॉल्ट रूट पुरे. तसं लेखी सांगा, शिवाय आपल्या आत येणाऱ्या फिल्टरात फक्त ०.०.०.०/० घ्या आणि प्रीफिक्सची मर्यादा, समजा १०, घालून ठेवा. मर्यादा ओलांडली की सेशन पडेल, राउटर वाचेल. सिस्कोवर असं पडलेलं सेशन आपोआप उठत नाही, समरीत ‘आयडल (पीएफएक्ससीटी)’ दिसतं. कारण दूर केल्यावर हाताने ‘क्लिअर’ करा.

प्रश्न : महाबळेश्वरच्या हॉटेलांना आम्ही रेडिओ लिंकने नेट देतो, बॅकअपला दुसऱ्या बाजूने फायबर आहे. दोन्हीवर बीजीपी. पावसात रेडिओ गेला की फायबरवर जायला तीन मिनिटं लागतात. — सेवा पुरवठादार, सातारा

उत्तर : तीन मिनिटं म्हणजे होल्ड टाइम १८० सेकंद, सिस्को आणि मायक्रोटिक दोन्हीचा ठरलेला आकडा. केबल थेट राउटरमधून निघाली असती तर पोर्ट पडताच सेशन पडलं असतं. तुमच्याकडे राउटर आणि रेडिओ यांच्यामधली केबल शाबूत आहे, तुटलंय ते हवेत. पोर्ट हिरवाच राहतो, आणि समोरचा गेला हे राउटरला १८० सेकंद शांतता झाल्यावरच कळतं.

होल्ड टाइम दोघांत जो कमी तो लागू होतो, म्हणून एका बाजूला बदलला तरी पुरतं. ३० सेकंद ठेवा, कीपअलाइव्ह १०. नवीन वेळ सेशन पुन्हा लागल्यावरच धरली जाते, तेव्हा एक रीसेट इथे करावाच लागेल. त्याहून जलद हवं तर बीएफडी (समोरचा आहे का हे सतत झटपट तपासणारी सोय). पण पुस्तकातले ३०० मिलिसेकंद आणि तीन चुका हे आकडे धुक्या-पावसातल्या रेडिओवर घालू नका. ०.९ सेकंदाची प्रत्येक सर सेशन पाडेल, रूट मागेपुढे उड्या मारतील आणि हॉटेलवाल्याला तीन मिनिटांच्या एका खंडाऐवजी दिवसभर हिसके बसतील. एक सेकंद आणि पाच चुका इथून सुरुवात करा. आठवडाभर रेडिओचा सिग्नल आणि सेशन पडल्याच्या वेळा शेजारी लिहून ठेवा. सिग्नल ठीक असतानाही सेशन पडत असेल तर आकडा वाढवा. सिग्नलच रोज घसरत असेल तर खांबावर चढून अँटेनाची दिशा आणि कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी बघा.